ओपन सोर्स प्रोजेक्टसाठी स्वस्तातलं बिल्ड फार्म: सुरुवात कुठून करायची

प्रोजेक्ट छोटा असतो तोवर बिल्डचा, म्हणजे कोड कंपाइल करून चालता प्रोग्राम बनवण्याचा, त्रास कुणालाच जाणवत नाही. मेक मारलं, अर्ध्या मिनिटात झालं, टेस्ट चालल्या, पुश केलं, संपलं. मग कोड वाढतो, कुणीतरी बूस्टसारखी अवजड लायब्ररी आणतं, कुणीतरी टेम्प्लेटवर टेम्प्लेट चढवतं, टेस्टची संख्या फुगते आणि पुल रिक्वेस्टला, म्हणजे कुणी पाठवलेल्या बदलाला, हिरवी टिक यायला पाऊण तास लागायला लागतो, तोपर्यंत ज्याने पॅच पाठवला तो बिचारा झोपून गेलेला असतो. अशा वेळी ग्रुपवर हमखास कुणीतरी लिहितं की आपण वर्गणी काढून एक दणकट सर्व्हर घेऊया. घेऊ नका. निदान एवढ्यात तरी नको. आधी फुकटचं वापरा, मग हवंच तर जुनी मशीन जोडून बिल्ड फार्म करा, म्हणजे बिल्ड आणि टेस्टचं काम वाटून घेणारी मशीनची टोळी.

खाली जे सांगितलंय ते सी किंवा सी प्लस प्लसमधला मध्यम आकाराचा प्रोजेक्ट डोळ्यासमोर ठेवून आहे. तीन-चार मेंटेनर, थोडे विद्यार्थी, पैसे जवळपास शून्य. रस्ट आणि गो वाल्यांसाठी मध्ये मध्ये सांगेनच.

आधी दुखणं कुठलं ते ठरवा

बिल्ड-टेस्टच्या नावाखाली दोन वेगळी दुखणी एकत्र येतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक म्हणजे वेग, म्हणजे तोच कोड, तेच मशीन, फक्त लवकर झालं पाहिजे. दुसरं म्हणजे विविधता, म्हणजे आपला कोड एआरएमवर, म्हणजे मोबाइलमध्ये असतात त्या जातीच्या प्रोसेसरवर, चालतो का, जुन्या डेबियनवर चालतो का, फ्रीबीएसडीसारख्या वेगळ्या ओएसवर निदान कंपाइल तरी होतो का. वेगासाठी कॅश (cache, म्हणजे आधी केलेलं काम साठवून परत वापरणं) लागते आणि एका खोलीत एका स्विचला जोडलेली, साधारण सारखीच चार मशीन लागतात. विविधतेसाठी दहा लोकांच्या घरची दहा तऱ्हेची मशीन लागतात आणि ती कितीही मंद असली तरी चालतं. महागडा सर्व्हर घेतला की वेग थोडा वाढतो, विविधता शून्यच राहते, आणि दर महिन्याचं भाडं मात्र बोकांडी बसतं.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे मोजा. सीआयच्या, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप बिल्ड-टेस्ट चालवणाऱ्या सेवेच्या, लॉगमध्ये प्रत्येक ओळीपुढे वेळ असते, तिथून कागदावर उतरवून काढा की कोड उतरवायला किती, डिपेंडन्सी टाकायला किती, कॉन्फिगरला किती, कंपाइलला, लिंकला, टेस्टला किती. कित्येकदा कळतं की निम्मा वेळ ॲप्टने पॅकेज टाकण्यातच जातोय, ती पॅकेजं एका डॉकर इमेजमध्ये, म्हणजे सिस्टमच्या तयार साच्यात, आधीच भरून ठेवली की झालं, फार्म वगैरेची गरजच नाही. क्लँग वापरत असाल तर त्याच्या टाइम-ट्रेस ऑप्शनने कुठली हेडर फाइल वेळ खातेय तेही दिसतं, आणि एखादं अवजड हेडर पन्नास फाइलींतून उपटून टाकणं हे कुठल्याही हार्डवेअरपेक्षा स्वस्त पडतं.

फुकट आहे ते आधी पूर्ण वापरा

गिटहब ॲक्शन्स ही गिटहबची सीआय सेवा सार्वजनिक रेपोला स्टँडर्ड रनर, म्हणजे जॉब चालवणारं मशीन, फुकट देते. लिनक्सचा रनर ४ कोअर आणि १६ जीबी रॅमचा असतो, एक जॉब जास्तीत जास्त ६ तास चालतो, फुकटच्या प्लॅनवर एका वेळी २० जॉब, त्यात मॅकओएसचे ५. कॅशसाठी रेपोमागे १० जीबी जागा, आणि सात दिवस कुणी न वापरलेली कॅश आपोआप उडते. २०२५ पासून एआरएमचे लिनक्स रनरही सार्वजनिक रेपोंना फुकट मिळायला लागलेत, ही गोष्ट बऱ्याच जणांना अजून माहीतच नाहीये. गिटलॅबच्या फुकट प्लॅनवर महिन्याला ४०० मिनिटं मिळतात, ओपन सोर्स प्रोजेक्टसाठी त्यांची वेगळी योजना आहे, अर्ज करून घ्यावी लागते.

इथेच दोन छोट्या सेटिंग करून टाका. पहिली, एकाच पुल रिक्वेस्टवर नवीन कमिट आला की जुना चालू जॉब रद्द करायचा, त्यासाठी कन्करन्सी ग्रुप आणि कॅन्सल-इन-प्रोग्रेस आहे. लोक टायपो सुधारत पाच वेळा पुश करतात आणि पाचही जॉब शेवटपर्यंत धावत बसतात, ते थांबतं. दुसरी, फक्त डॉक्युमेंटेशन बदललं असेल तर कंपाइल करायचंच नाही. रात्रीचे लांबलचक जॉब लावणार असाल तर लक्षात ठेवा की तिथलं क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी काम सुरू करणारं वेळापत्रक, सवयीने यूटीसीवर चालतं, आपल्याकडचे रात्रीचे दोन म्हणजे तिथे आदल्या दिवसाचे २० वाजून ३० मिनिटं. बरोबर तासाच्या ठोक्यावर गर्दी असते आणि जॉब उशिरा सुटतात, म्हणून मधलाच एखादा मिनिट निवडा.

एक इशारा. फुकट गोष्टीवर घर बांधू नका. ट्रॅव्हिस सीआय आठवतंय? एके काळी गिटहबवरच्या निम्म्या रीडमीवर त्याचाच बिल्ला असायचा असं वाटावं इतकं ते पसरलेलं होतं, नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी दर बदलले आणि २०२१ च्या जूनमध्ये जुनी ओपन सोर्सवाली साइट बंद झाली, प्रोजेक्टांची नुसती पळापळ. त्याच सुमाराला क्रिप्टो मायनिंगवाल्यांनी फुकटच्या सीआयवर इतका धुडगूस घातला की गिटलॅबने २०२१ मध्ये नव्या फुकट खात्यांना कार्ड व्हेरिफिकेशन लावलं. तेव्हा सीआयची यामल फाइल, म्हणजे जॉबची कॉन्फिग, अगदी पातळ ठेवा, खरं सगळं काम रेपोमधल्या एका शेल स्क्रिप्टमध्ये. यामलने फक्त ती स्क्रिप्ट बोलवायची. मग उद्या दुसरीकडे जायचं झालं तर एका दुपारचं काम, आणि शिवाय तीच स्क्रिप्ट पुढे आपल्या घरच्या मशीनवर जशीच्या तशी चालते, हा मुद्दा पुढे परत येणार आहे.

सीकॅश लावा, नीट लावा

सीकॅश अँड्र्यू ट्रिजेलने लिहिलं, तोच तो सांबा आणि आरसिंकवाला. कल्पना सोपी आहे. सोर्स फाइल, तिची हेडर, कंपायलर आणि फ्लॅग यांचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारी छोटी ओळखखूण, काढायचा, तसाच हॅश आधी आलेला असेल तर जुनी ऑब्जेक्ट फाइल उचलून द्यायची, कंपायलरला हातच लावायचा नाही. बिल्डसाठी सीमेक असेल तर कंपायलर लाँचर म्हणून सीकॅश दिलं की काम झालं.

पण लावलं आणि विसरलं असं करू नका. आधी पूर्ण बिल्ड करा, मायनस-झेड देऊन आकडे शून्य करा, बिल्ड फोल्डर उडवून परत बिल्ड करा, मग मायनस-एस देऊन आकडे बघा. दुसऱ्या वेळी हिट जवळपास शंभर टक्के दिसले पाहिजेत. नसतील तर बहुतेक वेळा यातलंच एक कारण असतं. कोडमध्ये तारीख-वेळेचे मॅक्रो आहेत, मग ती फाइल दर वेळी नवीनच वाटते, ते मॅक्रो एका छोट्या फाइलीत हलवा. किंवा कोड वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवलाय आणि पूर्ण पाथ हॅशमध्ये शिरलाय, त्यासाठी बेस-डिर सेटिंग द्या, आणि डीबग माहितीसकट बिल्ड करत असाल तर हॅश-डिर बंद करा किंवा कंपायलरला डीबग-प्रिफिक्स-मॅप द्या. तिसरं कारण कंपायलरचं. सीकॅश सवयीने कंपायलरच्या फाइलची तारीख आणि साइज बघतं, दोन मशीनवर तारीख वेगळी पडली की सगळे मिस, म्हणून कंपायलर-चेक कंटेंटवर ठेवा. या तीन गोष्टी झाल्या की नव्वद टक्के लोकांचं दुखणं जातं, मग पुढचं वाचायचीही गरज नसते खरं तर.

कॅशची मर्यादा सवयीने ५ जीबी असते. स्वतःच्या मशीनवर ठीक आहे, पण गिटहबवर मात्र ती ५०० एमबीच्या आसपास आणा, नाहीतर जीसीसी, क्लँग, डीबग, रिलीज असे चार-पाच जॉब मिळून १० जीबी खाऊन टाकतात आणि एकमेकांच्या कॅश हाकलतात. तिथे अजून एक गंमत आहे, मेन ब्रँचची कॅश पुल रिक्वेस्टला वापरता येते पण पुल रिक्वेस्टने साठवलेली कॅश मेनला किंवा दुसऱ्या पुल रिक्वेस्टला दिसत नाही. म्हणजे कॅश साठवायचं काम मेनवरच करायचं, पुल रिक्वेस्टने फक्त वाचायचं, जागा वाचते.

रस्टवाल्यांनी मोझिलाचं एससीकॅश बघा, पण कार्गोचं इन्क्रिमेंटल बंद केल्याशिवाय त्याचा पूर्ण उपयोग होत नाही. गोमध्ये बिल्डची आणि टेस्टची कॅश आतच आहे, तो फोल्डर सांभाळला की पुरे.

चार जुनी मशीन, एक स्विच

आता समजा कॅश लावूनही मोठं हेडर बदललं की सगळं जग कंपाइल होतं. इथे वाटून कंपाइल करायची वेळ येते. दोन नावं आहेत, डिस्टसीसी आणि आइसक्रीम. डिस्टसीसी जुनं आणि साधं. तुमच्या मशीनवर प्रीप्रोसेस झालेली फाइल दुसऱ्या मशीनला जाते, ऑब्जेक्ट परत येते, तिथे हेडर असायची गरज नाही, फक्त कंपायलरचं व्हर्जन सगळीकडे सारखं पाहिजे. आइसक्रीम हे सुसेवाल्यांनी डिस्टसीसीवरून काढलेलं, त्यात मधे एक शेड्युलर असतो जो कुठलं मशीन मोकळं आणि वेगवान आहे ते बघून काम वाटतो, आणि कंपायलर स्वतःच बांधून पलीकडे पाठवतो, म्हणजे एकावर डेबियन आणि एकावर फेडोरा असलं तरी भागतं. चार जणांची चार तऱ्हेची मशीन असतील तर आइसक्रीमच घ्या, कंपायलरची व्हर्जनं जुळवत बसण्यात रविवार जातो.

मशीन कुठून आणायची? ऑफिसं बदलतात तेव्हा छोटे मिनी पीसी ढिगाने बाजारात येतात, थिंकसेंटर टायनी किंवा ऑप्टिप्लेक्स मायक्रो या जातीचे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या गावातल्या रिफर्बिश्ड मालवाल्याकडे विचारा. घेताना प्रोसेसरच्या जनरेशनपेक्षा रॅम बघा. सी प्लस प्लसचा एकेक कंपाइल जॉब आरामात एक-दोन जीबी खातो, ८ जीबीच्या मशीनवर आठ जॉब सोडले की ते स्वॅपमध्ये जाऊन बसतं आणि एकट्या मशीनपेक्षाही हळू होतं. १६ जीबी करून घ्या, एसएसडी असू द्या, आणि गिगाबिट स्विच आणि केबल घ्या. वायफायवर हे करू नका, प्रीप्रोसेस केलेल्या फाइल काही एमबीच्या असतात आणि त्या शेकड्याने जातात.

लावायचं असं. डेबियन किंवा उबुंटूवर आयसीईसीसी नावाचं पॅकेज सगळ्या मशीनवर टाका, शेड्युलर फक्त एकावर चालू करा, बाकीची त्याला ब्रॉडकास्टने शोधून काढतात, नाही सापडला तर कॉन्फिगमध्ये पत्ता द्या. फायरवॉलमध्ये टीसीपी १०२४५ आणि ८७६५ आणि शोधण्यासाठी यूडीपी ८७६५ उघडं लागतं, फक्त लोकल नेटवर्कपुरतं. सीकॅशला प्रिफिक्स म्हणून आयसीईसीसी द्या, म्हणजे आधी कॅश बघितली जाईल आणि नसेल तरच काम बाहेर जाईल. मग मेकला मायनस-जे देताना स्वतःचे कोअर नाही, सगळ्यांचे मिळून जेवढे होतात तेवढे द्या. आइसमॉन नावाचा मॉनिटर उघडून ठेवला की कुठली फाइल कुठल्या मशीनवर चाललीय ते रंगीत पट्ट्यांत दिसतं, पहिल्यांदा बघताना फार मजा येते आणि कुठलं मशीन नुसतंच बसलंय तेही लगेच कळतं.

यातून काय सुटत नाही ते पण ऐका. प्रीप्रोसेसिंग आणि लिंकिंग तुमच्याच मशीनवर होतं. जुना लॅपटॉप असेल तर तोच गळ्याचा फास, वीस कोअर पलीकडे रिकामे आणि हा घाम गाळतोय. लिंकसाठी मोल्ड किंवा एलएलडी हे नवे लिंकर वापरा, जुन्या लिंकरच्या मानाने जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि मेकऐवजी निन्जा असेल तर लिंकचे जॉब एका पूलमध्ये घालून एका वेळी एक-दोनच चालू द्या, नाहीतर रॅम संपते. रोजच्या बिल्डमध्ये लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन ठेवूच नका, त्यात खरं काम लिंकच्या वेळी होतं आणि ते असं वाटता येत नाही.

आणि हे सगळं इंटरनेटवर उघडायचं नाही. कधीच नाही. डिस्टसीसी ३६३२ पोर्टवर ऐकतं, आणि उघडं सोडलं तर कुणीही त्यातून तुमच्या मशीनवर वाट्टेल ती कमांड चालवू शकतो, ही गोष्ट २००४ च्या सीव्हीई यादीत, म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटींच्या जाहीर नोंदवहीत, नोंदलेली आहे आणि आजही हॅकिंग शिकवणाऱ्या लॅबमध्ये पहिल्या धड्याला हीच घेतात. नाशिकचा मित्र आणि पुण्याचे तुम्ही अशी कंपाइल वाटणी व्हीपीएन टाकून करता येते, पण घरच्या कनेक्शनचा अपलोड आणि पिंग बघता काही हाती लागत नाही. घरं वेगळी असतील तर फाइल वाटू नका, अख्खा जॉब वाटा.

अख्खा जॉब वाटायचा तर

इथे बिल्डबॉट, म्हणजे मशीनना जॉब वाटणारं सीआय सॉफ्टवेअर. २००३ पासून आहे, पायथनमध्ये लिहिलेलं, पायथन आणि एलएलव्हीएम दोघंही अजून वापरतात. दिसायला थोडं जुनाट आहे, पण आपल्यासारख्यांसाठी त्यात एक सोन्यासारखी गोष्ट आहे, वर्कर (काम करणारं मशीन) स्वतः मास्टरला (काम वाटणाऱ्या सर्व्हरला) जोडून घेतो. मास्टर वर्करला शोधत येत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँडवाल्यांकडे घरटी वेगळा पब्लिक आयपी मिळत नाही, शंभर घरं एका आयपीमागे, बाहेरून आत यायचा रस्ताच नाही, मग पोर्ट फॉरवर्डिंग कुठलं करणार. बिल्डबॉटमध्ये तो प्रश्नच उद्भवत नाही, आतून बाहेर जाणारं कनेक्शन चाललं की झालं. गिटहबचा आणि गिटलॅबचा स्वतःच्या मशीनवर चालणारा रनरही असाच आतून बाहेर बोलतो.

मास्टरसाठी सगळ्यात स्वस्त व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा छोटा सर्व्हर, घ्या, १-२ जीबी रॅम पुरते, कारण मास्टर कंपाइल करत नाही. पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करून त्यात बिल्डबॉट टाका, क्रिएट-मास्टर कमांड द्या, जी कॉन्फिग फाइल तयार होते ती साधी पायथनच असते. तिच्यात चार गोष्टी भरायच्या. बदल कुठून कळणार, तर गिटपोलर. कधी बिल्ड करायचा, तर शेड्युलर. काय करायचं, तर बिल्डर, आणि त्यात फक्त मघाशी सांगितलेली रेपोमधली स्क्रिप्ट बोलवायची. कुणी करायचं, तर वर्कर, प्रत्येकाला नाव आणि पासवर्ड. वर्करचं कनेक्शन ९९८९ पोर्टवर येतं, वेब पान ८०१० वर दिसतं, त्यापुढे एनजिनएक्स आणि टीएलएस लावा. मित्राकडच्या मशीनवर बिल्डबॉट-वर्कर टाकायचं, क्रिएट-वर्करला मास्टरचा पत्ता, नाव आणि पासवर्ड द्यायचा, सिस्टमडीची सर्व्हिस करून ठेवायची. एवढंच.

टेस्ट वाटायच्या असतील तर आधी एका मशीनवर समांतर चालतात का ते बघा. सीटेस्टला मायनस-जे, पायटेस्टला एक्सडिस्ट आणि ऑटो. पहिल्याच रनला दहा टेस्ट फुटतील, कारण दोघी एकच पोर्ट धरून बसलेल्या असतात किंवा टेम्पमध्ये एकाच नावाची फाइल लिहितात. त्या दुरुस्त करा, अगदीच नाही जमलं तर सीटेस्टमध्ये रिसोर्स-लॉक देऊन त्या दोघींना रांगेत उभं करा. मग मशीनमध्ये वाटताना संख्येने नका वाटू, मागच्या रनच्या वेळेने वाटा, नाहीतर एका मशीनकडे सगळ्या मंद टेस्ट जातात आणि बाकीची मशीन चहा पीत बसतात. कधी पास कधी फेल होणाऱ्या टेस्टला आपोआप तीनदा चालवायची सोय करू नका, त्यांचा वेगळा ढीग करून नाव लावून ठेवा, कुणीतरी बघेल.

कधीतरीच मोठी ताकद लागत असेल, म्हणजे रिलीजच्या आधी वगैरे, तर बिल्डबॉटमध्ये लेटंट वर्कर आहेत, काम आलं की क्लाउडवर मशीन उभं करतात, संपलं की पाडतात. त्यात स्पॉट मशीन घ्या, म्हणजे क्लाउडवाला हवं तेव्हा परत काढून घेऊ शकतो अशी, बरीच स्वस्त पडतात. ॲमेझॉन परत काढून घेताना दोन मिनिटं आधी सांगतं, गूगल तीस सेकंद. बिल्ड मधेच मेला तर परत रांगेत लागला पाहिजे इतकंच बघायचं. आणि बजेट अलर्ट पहिल्या दिवशी लावा.

परक्याचा कोड, आपलं घर

हा भाग नवीन लोक वगळतात म्हणून ठळक सांगतो. पुल रिक्वेस्ट म्हणजे अनोळखी माणसाने पाठवलेला कोड, आणि बिल्ड करणं म्हणजे तो कोड चालवणं. मेकफाइलमध्ये एक ओळ टाकली की तुमच्या घरच्या नेटवर्कमध्ये तो माणूस बसला. गिटहबही स्वतःच सांगतं की सार्वजनिक रेपोला स्वतःच्या मशीनवरचा रनर लावू नका.

यावर स्वस्त आणि सरळ नियम असा, बाहेरच्या पुल रिक्वेस्ट फुकटच्या होस्टेड रनरवर, आणि कुणाच्याही घरच्या मशीनवर फक्त मर्ज झालेला कोड. म्हणजे मेंटेनरच्या डोळ्याखालून गेलेला. थोडं उशिरा कळतं की एआरएमवर फुटलंय, पण कळतं, आणि मित्राचा फोटोंचा फोल्डर शाबूत राहतो. वर्करसाठी वेगळा युजर, त्याला सुडो नाही, जमल्यास कंटेनर किंवा व्हीएम, राउटरवर गेस्ट नेटवर्क असेल तर त्यावर, आणि रिलीज सही करायची किल्ली त्या मशीनच्या आसपासही नाही.

मित्रांच्या मशीनचं मोल

मर्ज झाल्यावर टेस्ट करायची ही पद्धत पोरकट वाटत असेल तर पोस्टग्रेस हा डेटाबेस बघा. त्यांचं बिल्ड फार्म अँड्र्यू डन्स्टनने २००४ मध्ये सुरू केलं आणि ते आजही स्वयंसेवकांच्या मशीनवर चालतं. प्रत्येक मशीनला एका प्राण्याचं नाव. मशीनवर एक पर्ल स्क्रिप्ट क्रॉनने उठते, गिटमध्ये नवीन काही आलंय का बघते, नसेल तर परत झोपते, असेल तर बिल्ड करते, टेस्ट चालवते आणि कुठल्या टप्प्यावर काय झालं तो निकाल लॉगसकट मुख्य सर्व्हरकडे पाठवते. मुख्य सर्व्हर कुणाला काम सांगत नाही, तो फक्त निकाल गोळा करून फळ्यावर लावतो. त्यामुळे कुणाचं मशीन आठवडाभर बंद पडलं तरी काही अडत नाही. त्यातला स्किंक नावाचा प्राणी सगळ्या टेस्ट व्हॅल्ग्राइंड या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या टूलखाली चालवतो, अत्यंत मंद, पण त्याला जे दिसतं ते बाकीच्यांना दिसत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन टूलमधलं ते कुप्रसिद्ध बॅकडोअर पोस्टग्रेसच्याच आंद्रेस फ्रॉइंडने पकडलं, एसएसएच लॉगिन किंचित हळू का झालं ते शोधताना, आणि त्यात त्याला काही आठवड्यांपूर्वी पोस्टग्रेसच्या ऑटोमॅटिक टेस्टिंगमध्ये दिसलेली व्हॅल्ग्राइंडची एक विचित्र तक्रार आठवली होती. मंद मशीनला नावं ठेवण्याआधी हे लक्षात असू द्या.

लहान प्रोजेक्टला बिल्डबॉटही जड वाटत असेल तर हाच नमुना उचला. चाळीसेक ओळींची शेल स्क्रिप्ट होते. एफलॉक लावून दोन रन एकाच वेळी चालणार नाहीत एवढं बघा, गिट फेच करा, मागच्या वेळचा कमिट एका फाइलीत लिहून ठेवलेला असतो त्याच्याशी ताडून बघा, सारखाच असेल तर बाहेर पडा, नसेल तर टाइमआउट आणि नाइस लावून रेपोमधली बिल्ड स्क्रिप्ट चालवा, आणि लॉगच्या शेवटच्या दोनशे ओळी, कमिट आणि मशीनचं नाव कर्लने मास्टरकडे पाठवा. मास्टर म्हणजे पन्नास-साठ ओळींचं फ्लास्क ॲप. प्रत्येक मशीनला वेगळी गुप्त किल्ली द्या, निकालावर तिनेच सही, म्हणजे कुणी खोटे हिरवे टिक पाठवणार नाही.

मग मित्रांना सांगताना वेगवान मशीन मागू नका, वेगळं मागा. जुन्या डेबियनवरचा लॅपटॉप, रास्पबेरी पाय, कुणाचं तरी फ्रीबीएसडी. आपल्या इथल्या मशीनचा एक आपसूक फायदा आहे, टाइमझोन. साडेपाच तासांचा फरक हा पूर्ण तासांचा नाही, आणि जगात अजूनही असा कोड निघतो जो टाइमझोन म्हणजे पूर्ण तास असंच धरून चालतो. एक वर्कर एशिया-कोलकातावर आणि मराठी लोकेलवर ठेवून द्या, खर्च शून्य, आणि देवनागरी फाइलनावांची एक टेस्टही त्यातच घाला.

कुणाकडेच नसलेल्या प्रोसेसरसाठी क्यूईमू हा नक्कल करणारा प्रोग्राम आहे. बाइटचा क्रम उलटा असलेल्या एस३९०एक्ससारख्या मशीनची नक्कल करून टेस्ट चालवल्या की एंडियनचे बग पटकन सापडतात, फक्त अतिशय हळू. पण थ्रेडिंगच्या बगसाठी त्याच्यावर विसंबू नका, एक्स८६ वर एआरएमची नक्कल केली की मेमरी ऑर्डरिंगच्या चुका लपतात, त्याला खरा एआरएमच पाहिजे. खरी दुर्मीळ मशीन हवी असतील तर सीफार्म, म्हणजे पूर्वीचं जीसीसी कंपाइल फार्म, मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना अर्ज केल्यावर एसएसएच खातं फुकट देतं, पॉवर, स्पार्क, रिस्क-फाइव्ह असलं सगळं तिथे आहे. ती सगळ्यांची मिळून मशीन आहेत, नाइस लावूनच चालवा. आणि पॅकेज वेगवेगळ्या डिस्ट्रोवर बनतं का एवढंच बघायचं असेल तर ओपनसुसेची ओपन बिल्ड सर्व्हिस फेडोरा, डेबियन, उबुंटू सगळ्यांची पॅकेजं बनवून देते.

वीज आणि पैसा

मिनी पीसी सरासरी २० वॉट खातो असं धरा, चोवीस तास महिनाभर म्हणजे साधारण साडेचौदा युनिट, युनिटला दहा रुपये धरले तर दीडशेच्या आत. स्वस्त व्हीपीएसपेक्षाही हे कमी पडतं. बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं याचं सेटिंग असतं, ते पॉवर-ऑनवर ठेवा, नाहीतर दुपारी लाइट गेली की ते मशीन मालक गावाहून परत येईपर्यंत मेलेलंच. राउटरला छोटा यूपीएस लावा आणि पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की लॅन केबल काढायची सवय ठेवा.

पैसे लागलेच तर किती आणि कशाला हे लिहून मागा. ओपन कलेक्टिव्ह या वर्गणीच्या साइटवर हिशेब उघडा राहतो, वर्गणी देणाऱ्याला बरं वाटतं. आपल्याकडे झेरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लॉस फंड जाहीर केला, वर्षाला १० लाख डॉलर, जगातल्या कुठल्याही ओपन सोर्स प्रोजेक्टला अर्ज करता येतो, रेपोमध्ये किंवा साइटवर एक फंडिंग-जेसन फाइल ठेवावी लागते. मात्र प्रत्येक अनुदान किमान १० हजार डॉलरचं असतं, त्यामुळे दोन मिनी पीसीसाठी तिथे जाऊ नका, तेवढ्यासाठी फॉस युनायटेड या भारतातल्या ओपन सोर्स संस्थेची छोटी अनुदानं बघा.

शेवटी रेपोमध्ये एक वर्कर नावाची फाइल ठेवा. प्रत्येक मशीनचं नाव, कुणाच्या टोपणनावावर आहे, कुठली ओएस, कुठला कंपायलर, काढून टाकायचं तर कुणाला सांगायचं. दोन आठवडे निकाल आला नाही तर मालकाला आपोआप मेल जाऊ द्या आणि फळ्यावरून ते मशीन उतरवा, नाहीतर जुन्या लाल खुणांची सवय होऊन खऱ्या लालकडेही कुणी बघत नाही. आणि एखादं मशीन अचानक लाल झालं तर कोडला शिव्या द्यायच्या आधी त्याच्यावर डीएफ मारा. बहुतेक वेळा डिस्क भरलेली असते, जुने बिल्ड फोल्डर उडवणारी एक ओळ क्रॉनमध्ये टाका म्हणजे ती कटकट मिटली.